जुन्या पॉइंट टू-टू रायफलीचा नेम छोट्या शिकारीसाठी कसा बसवावा

“पॉइंट टू-टूच आहे ना, मग कुठलंही काडतूस घाल.” पॉइंट टू-टू म्हणजे साधारण ०.२२ इंच जाडीची गोळी मारणारी रायफल, आणि अशा जुन्या रायफलीचं सगळ्यात जास्त नुकसान या एका वाक्याने केलं आहे. सत्तर-ऐंशी वर्षांची रायफल हातात आली की लोक आधी साईट (नळीवरची नेम धरायची खूण) हलवायला घेतात, ती बसत नाही म्हणून चिडतात आणि शेवटी नळी झिजली आहे असं ठरवून मोकळे होतात. बहुतेक वेळा नळीत काही दोष नसतो, फक्त कामाचा क्रम उलटा झालेला असतो.

परवाना, हंगाम आणि कोणतं जनावर मारायची मुभा आहे, हे आधीच माहीत असलं पाहिजे. शिकारीची मुभा नसेल, तर खाली सांगितलेलं सगळं कागदी निशाणावर करा. रायफलीला त्याने काही फरक पडत नाही.

पहिलं काम म्हणजे नळीवरचा शिक्का वाचणं, रायफल कोणत्या काडतुसाची ते त्यावर कळतं. शॉर्ट हे काडतूस १८५७ चं, लाँग १८७१ चं आणि लाँग रायफल १८८० च्या दशकातलं. तिघांची जाडी एकच असली तरी लांबी वेगळी आहे. विंचेस्टर कंपनीची १८९० सालची पंप रायफल वेगवेगळ्या काडतुसांसाठी वेगवेगळी बनत असे आणि एकीचं काडतूस दुसरीत चालत नसे. शिक्का ‘शॉर्ट’ म्हणत असेल तर तिला शॉर्टच द्या. शिक्का ‘लाँग रायफल’चा असेल तर स्वस्तात सराव म्हणून शॉर्ट ओतत बसू नका, कारण चेंबरच्या, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या पोकळीच्या, पुढच्या भागात काजळीचं कडं जमतं आणि पुढे लांब काडतूस नीट बसत नाही. स्टीव्हन्स फेव्हरिटसारख्या जुन्या, हलक्या बांध्याच्या रायफलीत हाय व्हेलॉसिटी (जास्त वेगाचं) काडतूस मुळीच घालू नका. ती रायफल त्या दाबासाठी बनलेलीच नाही.

बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) घट्ट बंद होतो का, चाप न ओढता फायर होत नाही ना, नळी आतून स्वच्छ आहे का, हे एकदा जाणत्या बंदूक-कारागिराकडून बघून घ्या. रिकाम्या चेंबरवर चाप ओढून बघायची सवय असेल तर सोडा. या रायफली रिमफायर, म्हणजे काडतुसाच्या कडेवर ठोका मारून ते उडवणाऱ्या, असतात; रिकाम्या चेंबरवर ठोका देणारी फायरिंग पिन थेट चेंबरच्या काठावर आपटते आणि तिथे धातू दबून काडतूस अडकायला लागतं.

आता खरं अवघड काम, आणि मी इथेच चुकलो होतो. माझी पहिली जुनी रायफल खाली मारत होती. मागची साईट वर सरकवायला जागा उरली नव्हती. पुढची साईट, म्हणजे माशी, कमी केली की गोळी वर जाते एवढं मला ठाऊक होतं. कानस घेतली आणि माशी घासली. नेम बसला. दोन आठवड्यांनी दुसऱ्या प्रकारचं काडतूस घालून पाहिलं तर गोळ्या आधीच्या निम्म्या आकाराच्या वर्तुळात एकवटल्या. याच काडतुसाची रायफल होती ती! पण त्या आता चार सेंटिमीटर वर लागत होत्या आणि मागची साईट सगळ्यात खालच्या पायरीवर आणूनही खाली येईनात. घासलेलं लोखंड परत येत नाही. नवी माशी करून घ्यावी लागली. म्हणून ठामपणे सांगतो: काडतूस ठरेपर्यंत साईटला हात लावू नका, आणि कानस तर कपाटातच राहू द्या.

काडतूस असं ठरवा. पाच-सहा प्रकारची घ्या, त्यातली निदान चार स्टँडर्ड व्हेलॉसिटीची (साध्या वेगाची), ४० ग्रेन म्हणजे सुमारे २.६ ग्रॅम गोळीची. सगळ्यांना आधी वेगवान काडतूसच हवं असतं आणि मला ते पटत नाही. ती गोळी साधारण ३८० मीटर प्रति सेकंदाने निघते आणि वाटेत आवाजाच्या वेगाखाली, म्हणजे ३४० च्या खाली येताना डळमळू शकते. स्टँडर्ड गोळी ३२०-३३० ने निघते, ती आवाजाच्या वेगाला शिवतच नाही. ससा पन्नास मीटरच्या आत असेल तर तेवढा वेग पुरेसा आहे.

प्रकार बदलला की पहिल्या दहा-पंधरा गोळ्या मोजू नका. बहुतेक गोळ्यांवर मेणासारखं वंगण असतं आणि नव्या वंगणाचा थर नळीत बसेपर्यंत नेम फिरत राहतो. घाई करणारे नेमके इथे फसतात, चांगलं काडतूस पहिल्या पाच गोळ्यांत नापास करतात. थर बसल्यावर २५ मीटरवर पाच-पाच गोळ्यांचे तीन गट मारा. तीन गोळ्यांच्या गटावर विश्वास ठेवू नका, तो योगायोगानेही सुंदर दिसतो. गोळ्या कुठे लागल्या हे आत्ता बघायचं नाही, किती जवळ लागल्या तेवढंच बघायचं. ज्या काडतुसाचा सगळ्यात वाईट गटही दोन सेंटिमीटरच्या आसपास राहतो, ते तुमचं. त्याच छापाची भरपूर काडतुसं एकदम घेऊन ठेवा.

या सगळ्या वेळात नळी कशावरही टेकवू नका. दस्त्याचा पुढचा भाग वाळूच्या मऊ पिशवीवर ठेवा. कडक लाकडावर नळी टेकली की गोळी भलतीकडे जाते आणि शिकारीत हातावर धरल्यावर दुसरीकडेच. विंचेस्टर ६७ सारख्या रायफलीत नळी दस्त्याला एकाच स्क्रूने धरलेली असते. तो स्क्रू दर वेळी सारखाच आवळा, नाहीतर शनिवारी बसवलेला नेम रविवारी सापडणार नाही.

आता साईट. मागची साईट गोळी जिकडे न्यायची तिकडे हलवा, माशी त्याच्या उलट. दोन साईटमध्ये अर्धा मीटर अंतर असेल, तर २५ मीटरवर दोन सेंटिमीटरचा फरक पडायला साईट ०.४ मिलिमीटर हलवावी लागते. म्हणून पितळी पंचाने अगदी हलके टोले द्या, आणि आधी पेन्सिलची खूण करून ठेवा.

मी ४० मीटरवर शून्य करतो, म्हणजे त्या अंतरावर गोळी नेमक्या नेमावर लागेल अशी साईट बसवतो. स्टँडर्ड काडतुसाची गोळी मग २० मीटरवर सेंटिमीटरभर वर लागते आणि ५० ला दोन-सव्वादोन सेंटिमीटर खाली. ससा किंवा खार यांच्या डोक्यावर नेम धरायला तेवढं चालतं. १०० मीटरवर तीच गोळी वीतभराहून जास्त खाली जाते, तिथे जनावरावर गोळी टाकणं म्हणजे त्याला जखमी करून सोडणं. तुमची मर्यादा स्वतः मोजा: गुडघ्यावर बसून पाचही गोळ्या चार सेंटिमीटरच्या वर्तुळात ज्या अंतरावर जातात, त्याच्या पुढे चाप ओढायचा नाही.

निघण्यापूर्वी नळी तेल लावून चकचकीत करू नका. तेलकट नळीची पहिली गोळी वेगळीकडे जाते आणि शिकारीत पहिलीच गोळी कामाची असते. नेम बसवलेल्या अवस्थेतच रायफल घेऊन जा.

ही गोळी दीड मैलाच्या आसपास जाऊ शकते. फांदीच्या टोकावरची, मागे मोकळं आकाश असलेली खार सोडून द्या. ती खोडाला चिकटेपर्यंत थांबा. सशामागे मातीचा उतार हवा. पाणी, दगड किंवा गोठलेली जमीन असेल तर मारू नका, कारण शिशाची ही मंद गोळी फार उसळते.

ससा साफ करताना हातमोजे घाला, टुलरेमिया हा आजार त्याच्या रक्तातून माणसाला होतो. यकृतावर पांढरे ठिपके दिसले तर तो ससा खायचा नाही.