गरोदरपणाचा कितवा महिना चालू आहे?
मोजणी पाळी चुकलेल्या तारखेपासून नाही, तर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून करा. डॉक्टरही तशीच करतात. त्यामुळे पाळी चुकते तेव्हाच साधारण 4 आठवडे भरलेले असतात. या आकड्याने गोंधळून जाऊ नका.

आठवड्यांना सरळ 4 ने भागलं तर हिशोब चुकतो, कारण महिना 4 आठवड्यांहून थोडा मोठा असतो. 4.3 ने भागा. 20 आठवडे म्हणजे चार महिने पूर्ण, पाचवा चालू.

प्रसूतीच्या अंदाजे तारखेसाठी शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात 9 महिने 7 दिवस मिळवा: तो 10 मार्च असेल तर 17 डिसेंबर. पाळी अनियमित असेल किंवा तारीख आठवत नसेल, तर पहिल्या तीन महिन्यांतच सोनोग्राफी करून घ्या. नंतरच्या सोनोग्राफीतला अंदाज तितका नेमका नसतो.