पाणी नेमके कुठून मोजायचे? एआर बातमीदारीच्या उमेदवारीतला अनुभव

पत्रकारितेच्या शेवटच्या सत्रात प्रकल्पासाठी ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी, म्हणजे एआर (मोबाइलच्या किंवा टीव्हीच्या पडद्यावर खऱ्या जागेत आभासी वस्तू दाखवण्याचे तंत्र), हा विषय निवडला तेव्हा माझी समजूत अशी होती की एखादे सॉफ्टवेअर हाताखालून गेले की काम भागेल. प्रत्यक्षात पहिले दोन महिने मोजपट्टी आणि वही घेऊन फिरण्यातच गेले, आणि या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांना मी आधी तेच करायला सांगेन.

विषय निवडताना दोन उदाहरणे समोर होती. जुलै २०१८ मध्ये थायलंडमधील थाम लुआंग गुहेतून १२ मुले व त्यांचे प्रशिक्षक सुखरूप बाहेर आल्यानंतर ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्या गुहेतील जागा वाचकाला मोबाइलमधून स्वतःच्या खोलीत पाहता येतील, अशी मांडणी केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फ्लोरेन्स वादळाच्या वेळी ‘द वेदर चॅनल’ने स्टुडिओत निवेदिकेभोवती ३, ६ आणि ९ फूट पाणी चढताना दाखवले. दोन्हीकडे आकार हीच बातमी होती. जिथे तसे नसते, तिथे एआर ही निव्वळ सजावट ठरते. नेत्याचा त्रिमितीय पुतळा टेबलावर उभा करून वाचकाला काय कळते, हे मला अजून उमगलेले नाही.

आम्ही ऑगस्ट २०१९ मधील सांगलीचा महापूर घेतला. भिंतींवर राहिलेल्या पाण्याच्या खुणा मोजायच्या आणि तेवढ्याच उंचीचे पाणी वाचकाच्या घरात मोबाइलच्या पडद्यावर दाखवायचे, अशी कल्पना होती. पहिल्या दिवशी आठ घरे मोजून आम्ही खुशीत होतो. नवव्या घरातल्या आजी बराच वेळ आमच्याकडे पाहत होत्या, मग म्हणाल्या, “बाळा, टेप जोत्यावर धरलीस, पण आम्ही तीन पायऱ्या चढून वर येतो ना!” आम्ही काही घरांत जोत्यापासून तर काही घरांत रस्त्यापासून मोजले होते, आणि दोन्ही आकडे एकाच रकान्यात लिहिले होते. तसेच छापले असते, तर काही घरांतले पाणी वाचकाला कमरेइतके दिसले असते, जे रस्त्यावरच्या माणसाच्या छातीपर्यंत होते. शब्दांत ‘सुमारे’ लिहून सुटता येते. पडद्यावरचे पाणी मात्र कोणत्या तरी एकाच उंचीवर दाखवावे लागते. त्यानंतर प्रत्येक नोंदीसोबत मोजणीचा आरंभबिंदू लिहिला, टेपसह छायाचित्र काढले, आणि जिथे खूण पुसली गेली होती ते घर वगळले.

तांत्रिक बाजू शिकता येण्याजोगी आहे. त्रिमितीय प्रतिकृतीसाठी ब्लेंडर हे सॉफ्टवेअर पुरेसे असून ते मोफत मिळते. अँड्रॉइडसाठी जीएलबी आणि आयफोनसाठी यूएसडीझेड अशा दोन प्रकारांत फाइल द्यावी लागते, आणि ती हलकी ठेवणे हेच अर्धे कौशल्य आहे. मोबाइल जमीन ओळखतो तो पृष्ठभागावरील बारीक तपशिलांवरून, त्यामुळे कोऱ्या चकचकीत फरशीवर किंवा अंधुक उजेडात आमचे पाणी चक्क हवेत तरंगत असे. शेवटी वाचकाला सतरंजी अंथरायची सूचना द्यावी लागली. मूळ फाइली नेहमी स्वतःजवळ ठेवाव्यात. फेसबुकची मालक कंपनी मेटाचे स्पार्क हे एआर इफेक्ट बनवण्याचे व्यासपीठ १४ जानेवारी २०२५ रोजी बंद झाले आणि बाहेरच्या लोकांनी त्यावर केलेले इफेक्टही त्याबरोबरच गेले.

एआर न चालणाऱ्या फोनसाठी आम्ही एक साधे चित्र जोडले होते: उभा माणूस, शेजारी दार, पायऱ्या आणि पाण्याची रेघ. सांगलीत ज्यांना प्रकल्प दाखवला, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या फोनवर तेच उघडले. ते चित्र काढायला अर्धा दिवस लागला होता.