लवकर येणारा टपोरा अळसांदा स्वतःच्या शेतात कसा तयार करायचा

सरदीचं, म्हणजे पावसाळी, भात कापलं की उरलेल्या ओलीवर अळसांदे, म्हणजे आपली टपोरी चवळी, पेरायचे ही आपल्या गोव्यातली जुनी पद्धत. पण गावठी अळसांदा टपोरा नि चवीला भारी असला तरी पसरत बसतो, उशिरा फुलतो आणि शेंगा भरेपर्यंत जमीन सुकलेली असते. मग त्याचा लवकर येणाऱ्या जातीशी क्रॉस, म्हणजे संकर, करायचा, लॅब वगैरे काही लागत नाही, एक बारीक चिमटा, सुई, दोरा आणि चिकाटी हवी.

लवकरपणासाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाची चवळीची जात, कोकण सदाबहार, घ्या, हा साधारण ६० ते ६५ दिवसांत तयार होतो. लोक गावठीला मादी (ज्याच्या फुलावर दुसऱ्याचा पराग लावायचा ते झाड) करतात, मी म्हणेन सदाबहारला करा, कारण पुढे कळेल. गावठी आधी पेरा आणि सदाबहार आठ-दहा दिवसांच्या फरकाने दोन-तीनदा, नाहीतर दोघांची फुलं एकत्र येणारच नाहीत.

आता मुख्य काम. अळसांद्याचं फूल सकाळी उघडतं पण पराग त्याआधी रात्रीच फुटतात, म्हणजे फूल उघडलेलं दिसलं की उशीर झालेला असतो. त्यामुळे आदल्या संध्याकाळी उद्या उघडणारी फुगलेली कळी पकडायची, सुईने पाकळी हळूच फाडून आतले दहाही पुंकेसर चिमट्याने काढायचे, मधल्या स्त्रीकेसराला धक्का नको. दांड्यावरच्या बाकीच्या कळ्या खुडून टाका, खुणेला दोरा बांधा. सकाळी गावठीचं ताजं फूल तोडून त्याच्या पाकळ्या काढा आणि पराग लागलेला केसर ब्रशसारखा मादीवर फिरवा. बऱ्याच कळ्या गळतात, तेव्हा भरपूर करा.

शेंग वाळली की आतले दाणे आईसारखेच दिसतील, घाबरू नका, दाण्याची साल आईचीच असते. क्रॉस लागला की नाही ते रोप वाढल्यावर कळतं: सदाबहारपेक्षा उशिरा फुललं, गावठीसारखं पसरायला लागलं तर खरं. मादी गावठी असती तर हा फरक ओळखायला कठीण गेलं असतं, म्हणून तर वर तसं सांगितलं.

या रोपांच्या बियांपासून जी दुसरी पिढी येते तिच्यात सगळी खिचडी असते आणि निवड इथूनच सुरू होते. निदान दोनशे झाडं तरी लावा, कारण समजा लवकरपणा तीन अप्रभावी जनुकांवर (म्हणजे आई-बाप दोघांकडून आलं तरच गुण दिसतो अशा) असला तर ६४ झाडांत सरासरी एकच हवं तसं मिळणार. नुसतं पहिलं फूल कधी आलं ते बघून भुलू नका. काही झाडं लवकर फुलतात नि मग महिनाभर दोन-दोन शेंगा देत राहतात, त्याचा काय उपयोग? पहिल्या तोडणीत एकदम किती शेंगा वाळल्या नि दाणा केवढा, हे लिहून ठेवा. उत्पन्नाचा निकाल मात्र एकेका झाडावर लावू नका, शेजारच्या झाडाची सावली, थोडी जास्त ओल, यानेही फरक पडतो. तो चौथ्या-पाचव्या पिढीत, निवडलेल्या एकेका झाडाच्या बियांची एकेक ओळ करून, मध्ये गावठी नि सदाबहारच्या ओळी टाकून बघायचा.

घाई असेल तर पावसाळ्यात आडोशाला कुंड्यांत एक पिढी काढता येते, पण तेव्हा निवड अजिबात करू नका, प्रत्येक झाडाची एकच शेंग घेऊन पुढे जा. जूनमध्ये आपल्याकडे दिवस १३ तासांच्या आसपास, डिसेंबरात सव्वाअकरा, आणि अळसांदा दिवस लहान झाल्यावर फुलणारा, त्यामुळे पावसातला "उशिरा" हिवाळ्यात लवकर निघू शकतो. निवड करायची ती भातानंतरच्या शेतातच.

सहाव्या पिढीपर्यंत झाडं बहुतेक सारखी येतात. तेव्हा ओळीतलं वेगळं दिसणारं झाड उपटून टाका आणि तोंडाक (अळसांद्यांची रस्साभाजी) करून बघा, बेचव असेल तर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात दुसऱ्यांदा कोणी विचारणार नाही. बियाणं खरंच वेगळं नि स्थिर निघालं तर २००१ च्या पीक वाण संरक्षण नि शेतकरी हक्क कायद्याखाली शेतकऱ्याचं वाण म्हणून नोंदवता येतं, त्यासाठी आधी जुन्या गोव्यातल्या किनारी कृषी संशोधन संस्थेत जाऊन तुमच्या पिढ्यांची वही दाखवा.