पत्ता विचारता विचारता पसार होणारा डेटा

‘डीएनएस म्हणजे इंटरनेटची टेलिफोन डिरेक्टरी’ हे उत्तर मी इंटरव्ह्यूत छाती पुढे काढून दिलं होतं. समोरच्या मॅडमनी शांतपणे विचारलं, “बरं. मग या डिरेक्टरीतून कंपनीचा डेटा बाहेर कसा जातो?” मी गप्प. डिरेक्टरी ही वाचायची वस्तू, साइटचं नाव द्यायचं आणि तिचा आकड्यांतला पत्ता (आयपी) घ्यायचा. तिच्यातून काही जाईलच कसं? तरी नोकरी मिळाली, कारण लिनक्सवर हात बसला होता आणि रात्रपाळीला त्यांना माणूस हवं होतं.

नोकरी ऐरोलीत, एका सॉकमध्ये, म्हणजे दिवसरात्र क्लायंटच्या मशीनांच्या नोंदींकडे (लॉगकडे) डोळे लावून बसायचं ठिकाण. मी कळव्याची. कळव्याहून ऐरोलीला थेट लोकल नाही, म्हणून आधी उलटं ठाण्याला जायचं आणि तिथून ट्रान्स-हार्बर पकडायची. या उलट्या प्रवासात मी डीएनएसबद्दल जेवढं वाचलं तेवढं कॉलेजच्या तीन वर्षांत वाचलं नव्हतं.

डिरेक्टरीपेक्षा वॉचमनचं उदाहरण बरं पडतं. समजा, घोडबंदर रोडवरच्या एखाद्या कॉम्प्लेक्समध्ये ए विंगमधल्या माणसाला बाहेर फोन करायला बंदी आहे. पण गेटवरच्या वॉचमनला ‘अमुक माणूस समोरच्या सोसायटीत राहतो का’ एवढं विचारायची मुभा आहे. आपल्या वॉचमनला माहीत नसलं की तो समोरच्या वॉचमनला विचारतो. आता समोरचा वॉचमनच चोरांना सामील असला तर? ए विंगवाला विचारतो, “चावी-कुंडीखाली राहतात का हो तिकडे?” उत्तर येतं, “नाही राहत.” पण निरोप पोचला! प्रश्न हाच निरोप होता, उत्तराशी कुणाला देणंघेणं नव्हतं.

डीएनएसमध्ये हेच होतं. चोराने एक डोमेन घेतलेलं असतं आणि त्याचा नेमसर्व्हर, म्हणजे समोरचा वॉचमन, त्याच्याच ताब्यात असतो. ऑफिसातलं बाधित मशीन फाइलचा तुकडा अक्षरांत बदलून सबडोमेन म्हणून त्या डोमेनपुढे लावतं आणि कंपनीच्या रिझॉल्व्हरला, म्हणजे आपल्या वॉचमनला, पत्ता विचारतं. रिझॉल्व्हर बिचारा प्रामाणिकपणे तो प्रश्न चोराच्या दारात नेऊन पोचवतो. मशीनचा आणि चोराचा थेट संबंध कुठेच येत नाही. पोर्ट ५३, म्हणजे डीएनएसची वाट, बंद करावं म्हटलं तर ऑफिसच बंद पडेल.

यातलं गणित एकदा तरी हाताने करून बघा. १९८७ साली ठरलेल्या नियमांनुसार नावाच्या दोन टिंबांमधला तुकडा, म्हणजे लेबल, जास्तीत जास्त ६३ अक्षरांचं असतं आणि अख्खं नाव लिहायला गेलं तर २५३ अक्षरांचं. लहान-मोठी लिपी (a आणि A) डीएनएस एकच मानतं, म्हणून दोन्ही वापरणारी बेस ६४ ही डेटा अक्षरांत लिहायची पद्धत बेभरवशाची ठरते आणि बहुतेक जण बेस ३२ वापरतात. त्यात एका अक्षरात ५ बिट मावतात. डोमेनचं नाव, टिंबं आणि तुकड्याचा क्रमांक वजा केला तर डेटासाठी साधारण २२० अक्षरं उरतात, म्हणजे एका प्रश्नात जेमतेम १३७ बाइट. १० एमबीची फाइल न्यायला ७३ हजारांच्या आसपास प्रश्न लागतील, आणि तेवढा गोंगाट कुणालाही ऐकू येईल. पण ५० केबीचं पगारपत्रक? ३६५ प्रश्न. एक नेहमीचं ब्राउझर सकाळभरात त्याहून जास्त प्रश्न विचारतं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

नवीन माणूस सगळ्यात आधी एन्ट्रॉपीच्या प्रेमात पडतो. मीही पडले होते. अक्षरं जितकी विस्कळीत तितकी एन्ट्रॉपी जास्त, मग जास्त असलेली नावं पकडा, संपलं काम! दुसऱ्याच आठवड्यात रात्री अडीचला एका मशीनवरून हजारो हेक्ससारखी (० ते ९ आणि a ते f यांच्या विस्कळीत माळांसारखी) नावं जाताना दिसली. सगळी एकाच डोमेनखाली. मी थरथरत्या हाताने शिफ्ट लीडला उठवलं. (होय, तो झोपला होता. लिहू नये, पण रात्रपाळी ही रात्रपाळी असते.) त्याने एका डोळ्याने स्क्रीन पाहिली. “अगं, उत्तरं काय आलीत ती बघ ना.” सगळी उत्तरं १२७ ने सुरू होणारी, म्हणजे खरे पत्ते नव्हेत, नुसत्या खुणा. “अँटिव्हायरस आहे तो. फाइलचा हॅश, म्हणजे ठसा, नावात घालून विचारतो, फाइल चांगली की वाईट. जा, चहा पिऊन ये.”

म्हणजे चोराची युक्ती आणि पहारेकऱ्याची युक्ती एकच. मेल सर्व्हरही स्पॅमच्या याद्या अशाच तपासतो, आयपी उलटा करून नावात घालतो. जुनी क्रोम तर सुरू होताना तीन अर्थहीन नावं उगाच विचारून बघायची. शिवाय एन्ट्रॉपी लांबीवरही अवलंबून असते. आठ अक्षरं सगळी वेगवेगळी असली तरी ती ३ च्या वर जाऊच शकत नाही. त्यामुळे लहान लेबलं वापरणारा चोर सहज निसटतो आणि सीडीएनची (साइटचा मजकूर जवळच्या सर्व्हरवरून पुरवणाऱ्या सेवांची) निरपराध लांबलचक नावं अडकतात.

त्यापेक्षा साधी मोजणी जास्त पकडते: एका मशीनने एका मूळ डोमेनखाली वेगवेगळी सबडोमेनं किती विचारली. याचं कारण कॅश. रिझॉल्व्हर एकदा मिळालेलं उत्तर काही काळ जपून ठेवतो. चोराने तेच नाव पुन्हा विचारलं तर प्रश्न त्याच्यापर्यंत जाणारच नाही. म्हणून त्याला दर वेळी नवं कोरं नाव लागतं, आणि ही त्याची मजबुरी लपत नाही. जोडीला, ते डोमेन ऑफिसातली किती मशीनं विचारतात तेही बघायचं. अँटिव्हायरसचं डोमेन तीनशे मशीनं विचारतात, चोराचं बहुधा एकच. टीएक्सटी प्रकारचे, म्हणजे उत्तरात मजकूर मागणारे, प्रश्न हिशेबनिसाच्या मशीनवरून का यावेत, हाही चांगला प्रश्न. पण तेवढ्यावर विसंबू नका, कारण डेटा बाहेर न्यायला साधा ए रेकॉर्डही, म्हणजे नुसता पत्त्याचा प्रश्नही, पुरतो.

आता माझी फजिती. ही मोजणी करणारी स्क्रिप्ट मीच लिहिली होती. मूळ डोमेन काढायची रीत सोपी: नावाचे शेवटचे दोन तुकडे घ्या. डॉट कॉमवाल्यांचं झकास चाललं. पण आपल्याकडे ‘को डॉट इन’ असतं. शेवटचे दोन तुकडे घेतल्यावर बँक, विमा, कुरिअर, सगळे ‘को डॉट इन’ नावाच्या एकाच डोमेनखाली गोळा झाले. रोज सकाळी यादीत पहिला नंबर त्याचाच. तीन दिवस पाहिलं, वैतागले, आणि अपवादांच्या फाइलमध्ये एक ओळ टाकली: को डॉट इन.

दीडेक महिन्याने क्लायंटने बाहेरची टीम लावून चाचणी घेतली. त्यांनी अकाउंट्समधल्या एका मशीनवरून खोटं पगारपत्रक बाहेर काढलं. दर पाच मिनिटांनी एक प्रश्न, तोही फक्त ऑफिसच्या वेळात, असे चार दिवस. आमच्याकडे एकही अलर्ट नाही. डोमेन अर्थातच को डॉट इन. आढावा बैठकीत फाइलचा इतिहास स्क्रीनवर लावला तेव्हा त्या ओळीपुढे माझं नाव स्वच्छ दिसत होतं. कुणी ओरडलं नाही, तेच जास्त लागलं.

दुरुस्ती दोन ठिकाणी केली. पब्लिक सफिक्स लिस्ट नावाची यादी मोझिलाने सुरू केली आहे, फुकट मिळते. नावाची कुठली शेपटी सोडून खरं डोमेन मोजायचं ते तीत लिहिलेलं असतं. ती वापरून जुने लॉग पुन्हा चालवले, तरी अलर्ट आला नाही! कारण मर्यादा दिवसाला २०० नावांची होती आणि ते मशीन दिवसाला नव्वदएक नावं विचारत होतं. सात दिवसांची बेरीज घेतली तेव्हा कुठे ते वर आलं: साडेतीनशेच्या वर नावं, एकही दुसऱ्यांदा नाही, विचारणारं मशीन एकच. दिवसाची मोजणी आम्ही ठेवलीच, पण आठवड्याची बेरीज सोमवारी सकाळी मी अजूनही स्वतः बघते.

डेटा थोडाच असतो, हे जगातल्या मोठ्या प्रकरणातही दिसलं. डिसेंबर २०२० मध्ये सोलरविंड्स कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून झालेल्या घुसखोरीचं प्रकरण उघड झालं. त्यातलं सनबर्स्ट हे मालवेअर ज्या संस्थेत शिरलं तिच्या अंतर्गत डोमेनचं नाव सांकेतिक करून सबडोमेनमधून पाठवत होतं. पुढे कुणाच्या मागे लागायचं ते ठरवायला मालवेअर सोडणाऱ्यांना तेवढं पुरेसं होतं.

नोकरीला लागल्यावर पहिल्या दिवशी एक गोष्ट विचारा: डीएनएसचे लॉग नक्की कुठून येतात? फायरवॉलचे असतील तर सगळे प्रश्न रिझॉल्व्हरच्याच आयपीवरून आलेले दिसतात. वॉचमन दिसतो, ए विंगवाला दिसत नाही. लॉग रिझॉल्व्हरवरचे किंवा त्याच्या अलीकडचे हवेत, आणि जोडीला डीएचसीपीचेही (कुठला आयपी कुठल्या मशीनला दिला त्याच्या नोंदी), कारण सकाळचा आयपी संध्याकाळी दुसऱ्याच लॅपटॉपचा असतो. डीएनएसचे प्रश्न वेबच्या कूटबद्ध वाटेने नेणारं डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस २०१८ साली प्रमाणित झालं, तेव्हापासून प्रश्न पोर्ट ४४३ वरच्या वेबच्या गर्दीत मिसळूनही जाऊ शकतात. आम्ही ब्राउझरच्या पॉलिसीतून ते बंद ठेवतो, आणि एखादं चालू मशीन डीएनएसला अचानक काहीच विचारेनासं झालं तर तिकडेही वळून बघतो.

सरावासाठी महागडा कोर्स लागत नाही. दोन व्हर्च्युअल मशीनं, स्वतःचं एक स्वस्तातलं डोमेन, डीएनएसमधून डेटा न्यायला आयोडीन किंवा डीएनएसकॅट टू, आणि ट्रॅफिक बघायला झीक नाहीतर वायरशार्क. आधी तासभर फक्त स्वतःच्या लॅपटॉपचं ट्रॅफिक बघा. स्वच्छ मशीनसुद्धा किती बडबड करतं ते पाहून हबकाल. पण हे सगळं स्वतःच्या जाळ्यावरच. कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या वायफायवर ‘जरा करून बघितलं’ तर आयटी कायद्याची कलमं ४३ आणि ६६ आहेत, आणि तिथे हौस हे कारण चालत नाही.

शेवटचं तिकिटाबद्दल, म्हणजे संशय आला की वर पाठवायच्या नोंदीबद्दल. माझं पहिलं तिकीट होतं: ‘सस्पिशियस डीएनएस ट्रॅफिक, प्लीज चेक.’ लीडने ते तसंच परत पाठवलं. आता मी असं लिहिते: अमुक मशीन, अमुक वापरकर्ता, अमुक डोमेन, पहिला प्रश्न कधी, शेवटचा कधी, वेगवेगळी नावं किती, सरासरी लांबी किती, हे डोमेन आणखी कोण विचारतं, नमुन्याची तीन नावं, आणि मला हे अँटिव्हायरस का वाटत नाही. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवायचे असतात, म्हणून तर आम्हाला चाचणीच्या दिवसांचे जुने लॉग पुन्हा तपासता आले. त्याच निर्देशांत घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची अट आहे. त्यामुळे तिकिटात मी सगळ्यात आधी लिहिते ते मला हे किती वाजता दिसलं ते. नाव-गाव नंतर.