ब्र्युलोवच्या सेल्फ पोर्ट्रेटची कॉपी करताय? या चुका टाळा

रशियन चित्रकार कार्ल ब्र्युलोवचं १८४८चं सेल्फ पोर्ट्रेट मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीत आहे. आमच्या क्लासमध्ये दर वर्षी कुणी ना कुणी ते कॉपीला घेतं, आणि चुका त्याच.

पहिली म्हणजे घड्याळ लावून बसणं. ब्र्युलोवनं हे दोन तासांत केलं असं सांगतात, तेवढंच सगळ्यांच्या डोक्यात बसतं. अहो, तो १८०९ मध्ये, दहाव्या वर्षी, पीटर्सबर्गच्या कला अकादमीत गेला आणि १८२१पर्यंत तिथं रेखाटन घोटत होता. ते तास कोण मोजणार? मी पहिल्या दोन बैठका नुसता कोळसा हातात देतो. मागे टेकलेल्या डोक्याचा कल जमेपर्यंत रंगाची ट्यूब उघडायची नाही. पोरं कंटाळतात. कंटाळू देत.

दुसरी पुठ्ठ्याची, आणि ती मी स्वतः केलेली. मूळ चित्र पुठ्ठ्यावर आहे असं वाचलं आणि मिठाईच्या दुकानातून आणलेल्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यावर थेट तैलरंग चढवले. चार दिवसांत पुठ्ठ्यानं तेल पिऊन टाकलं. कपाळावरचा उजेड खडूसारखा फिक्कट, मागच्या बाजूला भज्यांच्या कागदासारखे डाग, आणि कडा पापडासारख्या वर आलेल्या. आता दोन्ही बाजूंना गेसोचे (रंगाआधी लावायच्या पांढऱ्या अस्तराचे) दोन-दोन हात देतो आणि रात्रभर वाळू देतो. 'सर, एकच हात चालेल ना?' नाही चालणार.

सावलीत ट्यूबमधला काळा ओतू नका. बर्न्ट अंबर या गडद तपकिरीत अल्ट्रामरीन निळा मिसळा. मोबाइलवरच्या फोटोवरून लाल उशीचा रंग ठरवू नका, दर फोटोत तो वेगळाच दिसतो.

आणि मऊ ब्रशनं घोटून चेहरा लग्नाच्या अल्बमसारखा करू नका. सेंट आयझॅक कॅथीड्रलच्या थंड, दमट घुमटात काम करता करता आजारी पडलेला, कित्येक महिने खोलीत कोंडलेला माणूस आहे हा. केस विस्कटलेले, गाल बसलेले. खुर्चीच्या हातावरून लोंबणारा तो निस्तेज हात बघा, शिरा वर आलेल्या. परवा एकीनं त्याला छान गुलाबी, गुबगुबीत करून आणलं. मी पॅलेट नाइफनं खरवडून काढलं. दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. तिसऱ्या दिवशी मात्र स्वतःचाच हात खुर्चीवरून खाली सोडून रेखाटत बसली होती.