एफएफएससाठी सर्जन निवडताना या चुका टाळा

एफएफएस म्हणजे चेहऱ्याची ठेवण बायकी करणाऱ्या शस्त्रक्रिया. त्यांच्याबद्दल महिन्यातून एकदा तरी हा मेसेज येतोच: "ताई, फोटो बघितले, एकदम भारी आहेत. ॲडव्हान्स भरून तारीखही घेतली. आता सांग, सर्जन चांगला आहे का?" अगं, हे पैसे भरायच्या आधी विचारायचं असतं! सुटं सुटं उत्तर देऊन कंटाळले, म्हणून एकदाच लिहून काढते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे स्कॅन न बघताच "कपाळ नुसतं घासून देतो" म्हणणाऱ्याला होकार देणं. ही मी स्वतः करून बसले आहे. माझं भुवयांवरचं हाड चांगलंच पुढे आलेलं. पहिल्या सर्जनने कपाळावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "एवढं काही नाही, घासून होईल, छोटं काम आहे." मला तेच ऐकायचं होतं. हाड कापणार, स्क्रू बसवणार, या कल्पनेनेच मला घाम फुटायचा. मग सूज उतरेल, सूज उतरेल म्हणत वर्ष काढलं. वर्षाने बाजूने फोटो काढला तर उंचवटा जवळपास होता तिथेच.

दुसऱ्या सर्जनबाईंनी आधी सीटी स्कॅन करून आणायला लावला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. भुवयांमागे काळी पोकळी, म्हणजे फ्रंटल सायनस, आणि तिच्यापुढे एक बारीक पांढरी रेघ. हाड म्हणून तेवढंच. तेही आधीच्या घासण्याने आणखी पातळ झालेलं. "यात घासायला होतं काय?" बाई म्हणाल्या. माझा उंचवटा जाड हाडाचा नव्हताच, ती पोकळीच पुढे आलेली होती. अशा कपाळात सायनसची पुढची भिंत कापून काढतात, तिला आकार देतात आणि मागे सरकवून टायटॅनियमच्या छोट्या प्लेट-स्क्रूंनी पक्की करतात. बोलीभाषेत हे टाइप ३. सायनसच नसेल किंवा पुढचं हाड पुरेसं जाड असेल तर टाइप १, तिथे घासून भागतं. ही विभागणी सॅन फ्रान्सिस्कोचे सर्जन डग्लस ऑस्टरहाउट यांची. कपाळावरचा त्यांचा लेख १९८७ सालचा आहे, म्हणजे हे काही कालपरवाचं ज्ञान नाही. तेव्हा सर्जनला सरळ म्हणायचं: माझा टाइप कुठला ते माझ्याच स्कॅनवर दाखवा. जो दाखवत नाही, त्याच्याकडे मी दुसऱ्यांदा जात नाही.

आता फोटो. आधीच्या फोटोत ट्यूबलाइट, मागे ओढलेले केस, पडलेला चेहरा. नंतरच्या फोटोत मेकअप, कपाळावर बटा, ओठांवर हसू. यातलं सर्जनचं काम कुठलं आणि केशभूषेचं कुठलं? मी अंगठ्याने केस आणि ओठ झाकते आणि फक्त भुवयांपासून नाकाच्या मुळापर्यंत बघते. मग बाजूचा फोटो शोधते. तो एकही नसेल तर विषय संपला. मग हे बघते की फोटो दीड महिन्याचा आहे की वर्षाचा. सुरुवातीला सुजेने चेहरा गोल, गुळगुळीत, गोडच दिसतो. जबड्याचं हाड गरजेपेक्षा जास्त काढलं असेल तर वरची कातडी सैल पडते, पण ते सूज पूर्ण उतरल्याशिवाय कळत नाही. आणि मुळातच नाजूक असलेल्या चेहऱ्यांचे फोटो बघून हुरळू नका, आपल्यासारखं कपाळ आणि आपल्यासारखा जबडा शोधा. हे सगळं करायला दोन-तीन संध्याकाळी जातात. ज्यांना तेवढाही धीर नाही, त्यांना काय सांगणार?

बाकीचं भराभर.

कंठमण्याचं काम "अगदीच किरकोळ" म्हणणाऱ्यापासून लांब राहा. स्वरतंतू त्याच कूर्चेला आतून जोडलेले असतात. हावरटपणाने खरवडलं तर आवाज बिघडतो, तोही कधीकधी कायमचा.

चीर केसांच्या रेषेवर घेणार की मागे केसांत, हे विचारा. मागच्या चिरेचा व्रण लपतो खरा, पण केसांची रेषा वर सरकू शकते. कपाळ आधीच मोठं असेल तर हा सौदा तोट्याचा.

हनुवटी किंवा जबडा करणार असाल तर खालच्या ओठाला जाणीव देणारी नस हाडातून कुठून जाते तेही स्कॅनवर बघून घ्या.

सिगारेट, व्हेप काहीही लपवू नका, त्याने जखम नीट भरत नाही. इस्ट्रोजेन (स्त्री-हार्मोन) घेत असाल तर ते स्वतःच्या मनाने बंद करू नका, सर्जन आणि भूलतज्ज्ञांना विचारा.

दुरुस्तीची शस्त्रक्रिया लागली तर खर्च कोणाचा, हे लेखी घ्या. तोंडी शब्दाला इथे किंमत नाही.

आणि "तुमच्या हातून काय काय बिघडलंय?" हे विचारायला लाजू नका. "आजवर काहीच नाही" म्हणणारा एक तर नवखा असतो, नाही तर थापाड्या. माझ्या दुसऱ्या बाईंनी दोन प्रसंग सांगितले, त्यात सांभाळून घ्यायला काय केलं तेही सांगितलं. मग पेन उचलून माझ्या डोक्यावर एक पट्टा आखला आणि म्हणाल्या, "इथली जाणीव बराच काळ जाईल, कदाचित पूर्ण परतणारही नाही." आज केस विंचरताना कंगवा नेमका त्या पट्ट्यावर आला की मला कळत नाही.