थंडीआधी गिझर उघडला तेव्हा

कोल्हापुरात पाईप गोठत नाहीत, पण पहाटे अंघोळीला कोमट पाणी आलं की सगळं घर खोळंबतं. आमच्याकडं दिवाळीत अभ्यंगस्नानालाच तसं झालं. मेन स्विच बंद केला, टाकी रिकामी केली आणि कॉइल काढली. बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार तिच्यावर अंड्याच्या टरफलासारखा चिकटलेला! वायरीची टोकं कोरडी ठेवून कॉइल लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात रात्रभर बुडवली. सकाळी पापुद्रे आपसूक सुटले. मॅग्नेशियमच्या कांडीची नुसती तार उरली होती, तीही बदलली. ही कांडी स्वतः झिजते म्हणून टाकी गंजायची वाचते, तिची हयगय नको. गच्चीवरून येणाऱ्या सोलरच्या पाईपला फोमची नळी चढवली, उन्हानं फाटू नये म्हणून वरून टेप गुंडाळली. आता गरम पाणी लवकर येतं.